चारीतली एकवीस अंडी

बायकोच्या तेराव्याला माझ्या धाकट्या बहिणीनं पंगतीत एक गंमत सांगितली. नातवंडं तिच्या शेजारी जेवायला बसली होती. ती त्यांना म्हणाली, "तुमची आजी दिसायला गरीब, पन लई बेरकी बरं का. बदकांची अंडी सासूपासनं लपवून खायची. आईनं टरफलांचं गठुडं धरलं हुतं तिचं."

पोरं हसली. एक नात म्हणाली, "पण आजी तर अंडं खायचीच नाही."

"म्हातारपनी सोडली आसंल. तवा पोटभर खाल्ली ना."

मी पानावरून उठून उभा राहिलो. म्हणालो, "हे खोटं हाय. ती चोर नव्हती." सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. पाव्हण्यातला एक जण उठला, त्यानं माझा दंड धरला आणि मला खाली बसवलं. म्हणाला, "बसा बाबा. दुःखात मानूस आसंच करतं. दोन घास खावा." वाढप्यानं न मागता माझ्या पानात आणखी बुंदी टाकली.

म्हणून लिहितो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. नातीनं तिची अर्धी कोरी वही दिली आहे. दुःखात माणूस काय करतं हे मला कोणी शिकवू नका. जे मी पंगतीत बोललो ते पन्नास वर्षांपूर्वी बोलायला पाहिजे होतं, आणि तेव्हा मला कसलंही दुःख नव्हतं. धडधाकट होतो. तोंडही होतं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदलं साल. आमची वस्ती बेलापुरापासून कोसभर आत. अंगणाच्या कडेनंच पाटाची चारी जायची. पाटाला पाळी आली की चारी काठोकाठ भरून वाहायची, पाळी संपली की आठवड्याभरात तळ दिसायचा. घरात मी, बायको, पाळण्यातली थोरली मुलगी आणि माझी आई. वडील लवकर गेले होते, त्यामुळं घरात आईचा शब्द चालायचा. मला तो चालवून घ्यायची सवय लागली होती.

मिशनच्या दवाखान्यात एक दाई होती. आमची थोरली तिच्याच हातावर झाली. त्या बाईनं दवाखान्याच्या मागं बदकं पाळली होती. बायकोला त्या बदकांचं भारी वेड लागलं. बाळंतपणानंतर टाके दाखवायला जायची आणि तासभर बदकंच बघत बसायची. दाईनं श्रावणात तिला सहा पिल्लं दिली. पाच माद्या निघाल्या, एक नर.

लोक म्हणतात बदकाला काय लागतं, पाणी दिसलं की झालं. असं बोलणाऱ्यानं कधी बदक पाळलेलं नसतं. तेराव्याला एक जण म्हणाला, वहिनींना पशुपक्ष्यांचा छंद होता. छंद कसला. ती पहाटे उठून सडा घालायची, भाकरी थापायची, आईचं अंग रगडायची, माझ्याबरोबर उसाला पाणी धरायची आणि मग त्या सहा जिवांचं करायची. खुराड्यात उसाचं पाचट अंथरायची आणि ओलं झालं की त्याच दिवशी काढायची, कारण बदक बाहेर पाण्यात राहतं पण बसायला त्याला कोरडं लागतं. पाण्याला एक फुटका रांजण अर्धा कापून घेतला होता. आई म्हणायची, कोंबड्यांच्या परातीत पितील की. तर परातीत बदकाचं डोकं बुडत नाही. त्याला डोळे धुवायला लागतात, नाकातली माती काढायला लागते. नाही मिळालं तर डोळे चिकटतात. हे तिला दाईनं एकदा सांगितलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरली नाही.

माघात बदकं अंड्यावर आली. ती तिनं कशी ओळखली ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. एका सकाळी मला म्हणाली, "अवो, ह्यांची चाल बघा. मागनं जड झाल्यात." खरंच, पोटं खाली आली होती, चालताना बूड डुलत होतं. एक मादी चुलीजवळच्या भिंतीचा पांढरा पोपडा टोचून टोचून खात होती. बायको म्हणाली, "चुना मागती ती. पोटात अंडं हाय तिच्या."

तेव्हापासून तिनं खाणं बदललं. बाजरीची भरड आणि गव्हाचा कोंडा पाण्यात कालवून, कोरडं कधीच नाही, कोरडं पीठ त्यांच्या चोचीत बसतं आणि जीव घुसमटतो. बैलांच्या पेंडीतला मुठीएवढा खडा भिजत घालायची. चारीच्या कडेला हात घालून गोगलगायी काढायची, दगडानं ठेचून द्यायची. बैलांसाठी कापलेल्या लसूणघासाचा कोवळा शेंडा वेगळा ठेवायची. आई ओट्यावर बसून बघायची आणि म्हणायची, "माझ्या येळंला मला बी आसं कुनी घातलं न्हाई. बाळंतिनीचे लाड चाललेत बदकाचे."

एका संध्याकाळी पाचटात पहिलं अंडं निघालं. त्याला टरफलच नव्हतं. नुसती कातडी, हातात घेतलं तर लिबलिबीत. बायकोनं ते पदरावर घेऊन आईला दाखवलं. आईनं दोन बोटांनी उचललं आणि उकिरड्यावर फेकलं. "ह्याला अंडं म्हनत्यात व्हय गं? रोग हाय ह्यो. घरात आनू नको."

दुसऱ्या दिवशी बायको दाईकडं गेली. दाईनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, टरफल धरत नाही म्हणजे अंगात चुना कमी पडतो. दवाखान्यात रोग्यांना तिच्याच बदकांची अंडी उकडायचे, त्यांची टरफलं तिनं गोळा करून फडक्यात बांधून दिली. ही तव्यावर भाज, बारीक कूट आणि खाण्यात घाल. दुसरी गोष्ट, सकाळी लवकर सोडू नको. "पोरी, कोंबडी दहा-अकराला घालती आन् पाटीत येऊन घालती. बदक तांबडं फुटताना घालतं आन् जिथं आसंल तिथं टाकून चालतं हुतं. ऊन दारात येस्तवर कोंडून ठेव."

इथंच सगळं बिघडलं. आमच्या घरात जनावर दिवस उगवल्यावर कोंडून ठेवायचं नाही असा दंडक होता. आई कोंबडा आरवला की उठायची, देवाचं नाव घेत आधी गोठ्याचं दार काढायची, मग कोंबड्यांचं, मग बदकांचं. सूर्याला मुकं जनावर कोंडलेलं दिसलं तर घराची बरकत जाते असं ती मानायची. कोंबडीचा कायदा तिनं बदकाला लावला. बायकोनं दोनदा सांगून बघितलं. "आत्याबाई, ही पाखरं निराळी हायेत. थोडं थांबा."

"माझ्या घरात सूर्व्यानं कोंडलेलं जनावर बघायचं न्हाई. दवाखान्यातल्या बाईचं त्या बाईच्या घरी."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी बैलाच्या मानेचा जू लागलेला भाग बघत होतो. म्हणजे बघतोय असं दाखवत होतो.

मग बदकं रोज तांबडं फुटायच्या आत सुटायची आणि रांगेनं थेट चारीत. खुराड्यात अंडं नाही, अंगणात नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बायको म्हणायची ती घालतात, पोटं रिकामी झालेली मला दिसतात. आई म्हणायची, दिसतात तर दाखव. मीही एकदा म्हणालो, "आगं, एवढं खाऊन जर काय देत न्हाईत तर कशाला हा खटाटोप."

एका दुपारी बायको शेतात होती. आईला पाट्या-वरवंट्याच्या मागं ते गठुडं सापडलं. फडक्यात कुटायची राहिलेली वीस-पंचवीस अंड्यांची टरफलं. मी जेवायला आलो तेव्हा आई ती टरफलं समोर मांडून बसली होती. बायको घासाचा भारा घेऊन आली, तिनं ओझं टाकलं आणि ते बघितलं.

"खाल्लीस त्याचं काय न्हाई गं," आई म्हणाली. "म्हातारीच्या तोंडात एक घातलं आसतं तर काय झालं आसतं?"

बायकोनं सगळं सांगितलं. दवाखाना, दाई, चुना, तव्यावर भाजायचं. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "टरफलं आननारी बाई मी आज बघितली. लोकं अंडी आनत्यात."

आणि मी काय केलं, तर मीही विचारलं. "खरं सांग, अंडी कुठं घालवलीस?" हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे. दाईकडं जाऊन विचारायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मला सापडला नाही.

ती रडली नाही. म्हणाली, "उद्याच्याला खुराडं कुनी उघडायचं न्हाई. तुमी सोता दाराम्होरं बसा. ऊन हुंबऱ्याला लागलं की सोता उघडा. आत अंडी न्हाई निघाली तर मी पोरीला घेऊन म्हायेरी जाते, मला न्यायला येऊ नका."

मी बसलो. कोंबडा आरवला तशी आई उठली, खुराड्यापाशी आली, मला बघून थांबली. "ऊठ," म्हणाली. मी उठलो नाही. आयुष्यात आईचं न ऐकल्याचे प्रसंग माझे दोन की तीन, त्यातला हा एक. आई तोंड फिरवून गोठ्याकडं गेली. आत बदकं दाराला चोची मारत होती, मग हळूहळू गप झाली. पाचट सारल्याचा आवाज आला. उन्हाची तिरीप उंबऱ्याला लागली तेव्हा मी दार काढलं. बदकं माझ्या पायांवरून बाहेर पळाली आणि आत पाचटात खळगे करून चार अंडी होती. मोठी, हिरवट पांढरी, ऊबदार. टरफल चांगलं टणक. एका मादीनं घातलं नव्हतं, पाचातल्या चौघींनी घातलं होतं.

मी ती अंडी माझ्या टोपीत घेऊन आईपुढं ठेवली. मला वाटलं झालं, मिटलं. आईनं एकेक उचलून कानाशी हलवलं. मग म्हणाली, "चार. म्हंजी एका दिसाला चार घालत्यात. मंग पंधरा दिसांची कुठं गेली?"

माझी आई अडाणी होती, पण वकिलाला ऐकायची नाही. जी साक्ष बायकोनं स्वतः उभी केली, तिच्यावरच तिनं गुन्हा शाबीत केला. आणि त्याच दिवशी ती गावात पिठाच्या गिरणीवर गेली. गिरणीवर बायका डबे घेऊन तासतासभर बसायच्या. तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर पोचायचं. सून टरफलांसकट धरली, असं आईनं तिथं सांगितलं. त्यानंतर आमच्या वस्तीवरून जाणारी प्रत्येक बाई खुराड्याकडं बघायची आणि मग बायकोकडं.

त्याच आठवड्यात पाटाची पाळी बंद झाली. चारी उतरायला लागली. रस्त्याखाली सिमेंटची मोरी होती, तिच्यापुढं पाण्यानं खड्डा पडून डबकं झालं होतं, बदकं सकाळी तिथंच पोहायची. एका सकाळी बायकोनं मला हाक मारली. "अवो, इकडं या. एकटे या." डबक्यात वीतभर पाणी उरलं होतं. खाली गाळात अंडी होती. काही अर्धी रुतलेली, काही उघडी. पोहता पोहता टाकलेली, तळाला जाऊन बसलेली. मी गुडघाभर चिखलात उतरलो. आम्ही दोघांनी मिळून एकवीस काढली, फुटकी धरून. बाकीची पाण्याबरोबर पुढं वाहून गेली असणार. कुजकी होती, वास सुटला होता. त्या वासातही बायको हसत होती. लग्न झाल्यापासून ती इतकी हसलेली मी बघितली नव्हती.

म्हणाली, "चला. ही पाटी आशीच गिरनीवर नेऊ."

आता मी काय केलं ते लिहितो. मी म्हणालो, "नको." म्हणालो, आईची मान खाली जाईल. म्हणालो, कुजकी अंडी डोक्यावर घेऊन गावातनं फिरायचं, लोक आणखी हसतील. म्हणालो, तुला माहीत, मला माहीत, झालं की. आणि कुदळ आणून मी ती एकवीस अंडी बांधाच्या कडेला पुरली. तिच्यासमोर. तिच्या बाजूचा एवढा एकच पुरावा ह्या जगात होता आणि तो मी माझ्या हातानं मातीत घातला.

ती पाटी धुवत होती. म्हणाली, "बरं. पाटी ऱ्हाऊ द्या. आत्याबाईंनी जिथं सांगितलं तिथं तुमी तोंडानं तरी सांगा. तुमचं मानत्याल."

"सांगतो," मी म्हणालो.

बाजारच्या दिवशी दळणाचा डबा मी स्वतः उचलला. वाटेनं काय बोलायचं ते जुळवत गेलो. गिरणीपुढं सात-आठ बायका बसलेल्या. त्यातली एक लांबची वहिनी लागायची, जिभेची धारदार. मला बघून म्हणाली, "का वो भावजी, आज दळान तुमी आनलं? बाईसाहेब अंड्यावर बसल्यात का?"

सगळ्या हसल्या. आणि मीही हसलो. हसलो आणि डबा पट्ट्याजवळ ठेवून भिंतीशी उभा राहिलो. गिरणीचा धडधड आवाज चालला होता, बोललो असतो तरी ओरडून बोलावं लागलं असतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ती बोलली ते मला ऐकू आलं होतं की. मग माझं तिला ऐकू गेलंच असतं.

घरी आलो. बायकोनं डबा उतरवून घेतला. "सांगितलं?"

"व्हय," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात दळण ती घेऊन गेली. परत आली, पीठ चाळलं, भाकरी केल्या. मी तिथं नुसता हसलो होतो, हे तिला तिथल्या बायकांकडनं कळलंच असणार. त्या संध्याकाळी आईनं बदकाच्या अंड्यांचा रस्सा करायला सांगितला होता, कारण आता रोज चार-पाच अंडी निघत होती आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमची बदकं" म्हणून दाखवत होती. खुराडंही आता ऊन दारात आल्यावरच उघडायचं. आपला दंडक कोणी मोडला हे आई कधी बोलली नाही. बायकोनं रस्सा केला, सगळ्यांना वाढला. स्वतः भाकरीबरोबर ठेचा घेतला.

त्या दिवसापासून तिनं अंडं खाल्लं नाही. बदकाचं नाही, कोंबडीचं नाही. आई वारली, पोरं मोठी झाली, सुना आल्या. पोरांना वाटलं आईला वास सहन होत नाही. सुनांना वाटलं उपास असेल. नातवंडांना वाटलं आजी शाकाहारी आहे, आणि ती त्यांच्या मटणाला स्वतःच्या हातानं मीठ-हळद लावून देत होती तरी त्यांना तसंच वाटत राहिलं. मला माहीत होतं. मीही त्यांच्यात बसून म्हणायचो, तिला आवडत नाही.

बदकं दुष्काळात गेली. चारी सालभर कोरडी पडली, तिनं ती दाईला परत नेऊन दिली, दवाखान्यात विहिरीला पाणी होतं म्हणून. त्यानंतर तिनं बदकं पाळली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, अंगात ताकद नाही, रोज एक उकडलेलं अंडं द्या. सुनेनं समजावलं, लेकानं समजावलं. मग एका दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी स्वतः अंडं उकडलं. टरफल काढलं, वाटीत चार फोडी केल्या, मीठ लावलं आणि खाटेजवळ बसलो. एक फोड तिच्या तोंडाजवळ नेली. तिनं मान वळवली आणि दाराकडं बघितलं.

"ते दार लोटा आधी," म्हणाली. "कुनी बघंल."

मी दार लोटायला उठलो नाही. ती वाटी घेऊन तसाच बसून राहिलो. तिनं शेवटी माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "जाऊ द्या. टरफलं झाडात टाका. चुना आसतो."

तीन आठवड्यांनी ती गेली.

तेव्हा बहिणीनं आणि पंगतीत हसलेल्या सगळ्यांनी हे वाचावं. ज्याला वाचता येत नाही त्याला नातीनं वाचून दाखवावं, मोठ्यानं, चार माणसांत. गिरणी आता बंद आहे, तिथं बसणाऱ्या बायका बहुतेक गेल्या, म्हणून मी इथं सांगतो. टरफलं दवाखान्यातली होती. बदकं तांबडं फुटताना घालायची आणि आम्ही त्यांना त्याआधी सोडत होतो. अंडी चारीत होती, मोरीपुढच्या डबक्यात. एकवीस. मी माझ्या हातानं काढली आणि माझ्या हातानं बांधाला पुरली. तिनं त्यातलं एकही खाल्लं नाही.